आईला हॉस्पिटलमधून घरी नेऊन उपचार पूर्ण करावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७१ वर्षांच्या, पलूस तालुक्यात गावाबाहेरच्या मळ्यात भाऊ आणि वहिनींबरोबर राहतात. कधी विडी-तंबाखूला हात लावलेला नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे गेल्याने सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, आहे. त्यात न्यूमोनिया झाल्याने तीन दिवसांपूर्वी त्यांना सांगलीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखल केले. आता ताप उतरला आहे, ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवर आला आहे आणि तिथले डॉक्टर म्हणतात की रोजचे इंजेक्शन, नेब्युलायझर व ऑक्सिजन हे उरलेले उपचार हॉस्पिटलचीच टीम घरी येऊन देईल. भाऊ घाबरले आहेत, नातेवाईक 'अर्धवट बरं करून घरी धाडायला लागलेत' असे म्हणत आहेत, आई रात्री हॉस्पिटलमध्ये बरळतात आणि सुई ओढून काढतात, आणि आपण पुण्यात बसून होकार द्यावा की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही.

माझे उत्तर होकाराकडे झुकणारे आहे. परंतु हा होकार आईंच्या प्रकृतीइतकाच त्या घरावर आणि ती सेवा देणाऱ्यांच्या रात्रीच्या तयारीवर अवलंबून आहे, आणि या शेवटच्या दोन गोष्टींची चौकशी कुटुंबे जवळजवळ कधीच करत नाहीत. म्हणून त्यांबद्दल अधिक लिहितो.

प्रथम एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्या भागात 'घरी उपचार' या नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. ब्युरोकडून मावशी किंवा सिस्टर ठेवणे ही एक गोष्ट झाली. ती शुश्रूषा आहे आणि तिची गरज असतेच. गावातल्या कंपाउंडरला बोलावून 'ताकदीची' सलाईन लावून घेणे ही दुसरी. या दुसऱ्या प्रकाराबद्दल एवढेच सांगतो की ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी, एका भाकरीहूनही कमी. आणि हृदय कमजोर असलेल्या वृद्धाला तीच बाटली भरभर चढवली तर फुप्फुसात पाणी साचू शकते. आपल्याला जे सुचवले आहे ते या दोन्हींहून निराळे आहे, किंवा निराळे असायला हवे. रुग्ण कागदोपत्री हॉस्पिटलचाच राहतो, त्याचा रोज राउंड होतो, त्याचे औषध रोज ठरते, आणि मध्यरात्री बिघडले तर ती जबाबदारी त्या हॉस्पिटलची असते. फक्त खाट घरची असते. नर्स घरी येते म्हणून घर हॉस्पिटल होत नाही. जबाबदारी घरी आली तरच ते होते. आपल्याला सुचवलेली सेवा यांपैकी कोणती, हे डॉक्टरांना सरळ विचारा. 'डिस्चार्ज देऊन सिस्टर पाठवतो' आणि 'आमच्याच देखरेखीखाली घरी ठेवतो' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही पद्धत कोरोनानंतर उगवलेली नवी टूम आहे, असाही समज आहे. पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी १९५७ मध्येच घरी दाखल करून घेण्याची व्यवस्था सुरू केली होती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. ब्रूस लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनिया, सीओपीडी, हृदयाची कमजोरी आणि त्वचेखालील जंतुसंसर्ग या चार आजारांच्या ४५५ वृद्ध रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोन आजार आपल्या आईंना आहेत. या पद्धतीत वृद्धांमधील भ्रम कमी आढळला. बोस्टन येथे ९१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत घरी उपचार घेतलेल्यांपैकी ७ टक्के रुग्ण महिन्याभरात पुन्हा दाखल झाले, तर हॉस्पिटलमध्ये राहिलेल्यांपैकी २३ टक्के. हे आकडे जसेच्या तसे पलूसला लागू करू नयेत. त्या रुग्णांच्या घरांत वीज जात नव्हती, रुग्णवाहिकेला उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत नव्हत्या, आणि निवड फार काळजीपूर्वक केलेली होती. तरी नातेवाइकांच्या 'अर्धवट बरं करून' या आक्षेपाला त्यांतून उत्तर मिळते. योग्य रुग्ण निवडला तर घरचा उपचार अर्धवट नसतो. मिरजेच्या डॉक्टरांकडे दूरदूरहून, थेट कर्नाटकातून माणसे येतात, अशा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यामुळे 'दवाखान्यात ठेवलंय' म्हणजे कर्तव्य केले आणि 'घरी आणलंय' म्हणजे आशा सोडली असे आपल्याकडे मानले जाते. भावांच्या मनावरचे दडपण बहुधा आजारापेक्षा या लोकलज्जेचेच अधिक असेल.

आता आईंकडे वळतो. आपण पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रात्रीचे बरळणे. वृद्ध माणूस अनोळखी खोलीत, दिव्यांच्या उजेडात, झोपमोड होत, सलाईनला बांधलेला राहिला की भ्रमिष्ट होतो. आणि घरी, ओळखीच्या भिंती व आवाज मिळाले की तो पुष्कळदा दोन दिवसांत ताळ्यावर येतो. घरी नेण्याचे हे एक उत्तम कारण आहे. पण सीओपीडीच्या रुग्णात रात्रीचे बरळणे आणि सकाळची सुस्ती यांचे दुसरेही कारण असू शकते, ते म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचणे. पहिल्या कारणासाठी घर हा उपाय आहे. दुसऱ्या कारणात घरी नेणे जिवावर बेतू शकते. वरून पाहता दोन्ही सारखीच दिसतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यातला भेद सांगू शकत नाही, कारण ते फक्त ऑक्सिजन मोजते. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन वायूंची तपासणी करावी लागते, जिला हॉस्पिटलमध्ये सगळे एबीजी म्हणतात. ती घरी नेण्याच्या आदल्या रात्रीनंतरची, म्हणजे ताजी असावी. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.३५ च्या खाली असेल आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल, तर आईंना घरची नव्हे, मास्क लावून श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राची गरज आहे आणि ते हॉस्पिटलमध्येच सुरू व्हायला हवे. पीएच ठीक असेल तर रात्रीचा भ्रम जागेचा आहे असे मानून पुढे जाता येईल. ही तपासणी न करता कोणी घरी पाठवत असेल तर मी त्या दिवशी नकार देईन.

याशिवाय रक्तदाब कोणत्याही आधाराच्या औषधाविना चोवीस तास स्थिर असावा, तोंडाने खाणेपिणे चालू असावे आणि घरी द्यायचे प्रतिजैविक हॉस्पिटलमध्ये किमान एक-दोन वेळा देऊन सोसलेले असावे. ज्यांचा आजार तासागणिक बदलतो अशांना, म्हणजे नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आलेल्यांना, पोटातून रक्तस्राव होणाऱ्यांना किंवा ताप उतरताना पोट दुखू लागलेल्या डेंगीच्या रुग्णांना घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. आईंचा आजार त्या जातीचा नाही.

घराची पाहणी हा पुढचा भाग, आणि मळ्यातल्या घराच्या बाबतीत तो सर्वांत आधी विजेचा आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र खोलीतल्याच हवेतून नायट्रोजन वेगळा करून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते; पाच लिटरच्या यंत्राला साधारण साडेतीनशे वॅट वीज सतत लागते. गावठाणातल्या घरांचा फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, वेगळा असतो, परंतु मळ्यातल्या वस्त्यांना पुष्कळ ठिकाणी शेतीपंपांच्या फीडरवरून वीज मिळते. तिथे थ्री फेज ठरावीक तासच असते, एरवी सिंगल फेज, आणि त्यातही आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते. यंत्र अशा वेळी बंद न पडता नुसतेच कमी शुद्धतेचा ऑक्सिजन देत राहू शकते, आणि धोक्याचा दिवा कोणाच्या लक्षात येत नाही. 'इन्व्हर्टर आहे की' असे भाऊ म्हणतील. हिशेब करून पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. रूपांतरात होणारी घट धरली तर नवी कोरी बॅटरी हे यंत्र जेमतेम चार तास चालवील, तेही पंखा आणि टीव्ही बंद ठेवून. दोन-तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीवर मी दोन तासांचाही भरवसा ठेवणार नाही.

म्हणून यंत्राच्या जोडीला सिलिंडर हवाच. दवाखान्यांत दिसणारा लहान, बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन देतो. मिनिटाला दोन लिटरने तो साडेबारा तास पुरतो. असे दोन भरलेले सिलिंडर, चावी आणि तपासलेला रेग्युलेटर आई घरी पोहोचण्याच्या आधी तिथे असावेत, आणि तो कसा उघडायचा हे भाऊ व वहिनी या दोघांनीही अंधारात एकदा करून पाहिलेले असावे. वीज दिवसा जाते तेव्हा सगळ्यांनाच सुचते. ती रात्री अडीचला जाते तेव्हा बॅटरीच्या उजेडात चावी सापडत नाही. वीज फारच बेभरवशाची असेल तर माझा सल्ला असा की हे आठ-दहा दिवस आईंना गावठाणात एखाद्या चुलत्याच्या किंवा भाऊबंदाच्या घरी ठेवा. 'दुसऱ्याच्या दारात कशाला' हा संकोच मी समजू शकतो, पण रस्ताही तिथे चांगला असतो, आणि ओढ्यापलीकडच्या मळ्याचा पत्ता रात्री रुग्णवाहिकेच्या चालकाला फोनवर समजावणे किती अवघड असते हे भावांना माहीत असेल.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देव्हारा असेल तर निरांजन, समई आणि उदबत्ती त्या दिवसांपुरती दुसऱ्या खोलीत न्यावी. उघडी ज्योत नळीपासून किमान तीन मीटर दूर हवी. रेग्युलेटरला तेलकट हात लावू नये, ओठ कोरडे पडले तरी व्हॅसलीन लावू नये. आणि चुलीबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. स्वयंपाक गॅसवर आला तरी मळ्यात अंघोळीच्या पाण्यासाठी चूल अजून पेटतेच, आणि तिचा धूर बरोबर म्हातारीच्या खोलीत शिरतो. ज्या कारणाने आईंची फुप्फुसे गेली तेच कारण घरात तसेच ठेवून शेजारी ऑक्सिजनचे यंत्र चालवण्यात अर्थ नाही.

आता ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल. घरच्या उपचारात मी सर्वांत जास्त धास्ती कशाची घेत असेन तर ती यंत्रावरच्या, ऑक्सिजन कमी-जास्त करणाऱ्या आणि प्रेमाने फिरवलेल्या त्या लहानशा खुंटीची. कोरोनाच्या काळात प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आले आणि ९५ च्या खाली गेले की संकट, हे सर्वांच्या डोक्यात पक्के बसले. सीओपीडीच्या रुग्णात हा नियम चालत नाही. यातल्या पुष्कळ रुग्णांमध्ये जास्तीचा ऑक्सिजन दिल्याने फुप्फुसातील रक्तप्रवाहाचा आणि श्वासाचा मेळ बिघडतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस शांत होत होत गुंगीत जातो. घरच्यांना वाटते, बरे झाले, झोप लागली. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हीच योग्य पातळी असते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकेने आणलेल्या अशा रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी ८८ ते ९२ वर मोजून दिल्याने मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. तेव्हा ९० हा आकडा पाहून 'कमी आहे, जरा वाढव' असा सल्ला देणारा पाहुणा आईंच्या खोलीत सर्वांत धोक्याचा. यंत्रावरच्या लिटरच्या आकड्याशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर ठरलेला आकडा आणि 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नेब्युलायझरही ऑक्सिजनवर न चालवता साध्या हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवायचा असतो. ऑक्सिमीटर लावताना बोट कोमट असावे, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नसावे, आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर थंडगार बोटावर ८२ दिसते आणि घरात हलकल्लोळ होतो.

आकड्यांपेक्षा मला श्वासांची मोजणी अधिक विश्वासाची वाटते. चांगली सिस्टर ती कशी करते ते पाहण्यासारखे असते. ती आल्या आल्या 'आजी, काल झोप लागली का?' असे विचारते आणि आजी एका दमात किती शब्द बोलतात हे ऐकते. मग नाडी पाहायची म्हणून मनगट धरते, घड्याळ समोर ठेवते, पण तिची नजर पदराखाली हलणाऱ्या छातीवर असते; पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंदांना चारने गुणून नव्हे. श्वास मोजतो आहे हे रुग्णाला कळले की तो बदलतो, म्हणून हा बहाणा. २० होते ते २४ झाले तर ती वहीत लिहिते आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करते, ऑक्सिमीटरवर ९१ दिसत असले तरी. त्यानंतर ती घोटे दाबून सूज पाहते, सुईच्या जागी लाली किंवा कडक झालेली शीर आहे का हे बोटाने चाचपते, ग्लुकोमीटरवर साखर पाहते, कारण या आजारात पाच दिवस दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढू शकते. आपण व्हिडिओ कॉलवर असाल तर एका भेटीत हे सगळे होते की नुसते इंजेक्शन देऊन स्कूटर वळते, हे पाहून घ्या.

प्रतिजैविकाचे म्हणाल तर दिवसातून एकदाच देता येणारे औषध हे घरच्या उपचाराचे खरे वाहन आहे. न्यूमोनियात वापरले जाणारे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्यातले. म्हणून तर ते घरी शक्य होते. ते आरएलच्या (रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या) बाटलीत मिसळायचे नसते, कारण त्या द्रावणातल्या कॅल्शियमशी त्याचा साका बनतो. ही गोष्ट प्रशिक्षित सिस्टरला सांगावी लागत नाही, आणि सांगावी लागली तर ती सिस्टर बदला. आधी सोसलेल्या औषधाचीही क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. त्यासाठी तिच्या पेटीत अ‍ॅड्रेनलिन असलेच पाहिजे, अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत देण्याची तिला लेखी मुभा असली पाहिजे, आणि घरच्या पहिल्या डोसनंतर ती अर्धा तास थांबली पाहिजे. वापरलेल्या सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात आणि नळ्या लाल पिशवीत घालून ती परत नेईल. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतली ही विभागणी हॉस्पिटलइतकीच घरच्या भेटीलाही लावावी. उकिरड्यावर फेकलेली सुई शेण काढणाऱ्या बाईच्या हातात जाते. डॉक्टरांनी एरवी रोजचा राउंड व्हिडिओवर घेतला तरी चालतो, २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला जागा आहे. पण घरी पोहोचल्यावरचा पहिला राउंड मी तरी प्रत्यक्ष जाऊन घेतो, कारण खाट भिंतीला लागून आहे की दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, संडास खोलीपासून किती लांब आहे आणि रात्री आजीला कोण धरून नेते, हे कॅमेऱ्यात येत नाही. कमोडची खुर्ची मात्र भाड्याने आणाच.

सेवेची परीक्षा रात्री होते. अमेरिकेच्या मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये घरी दाखल रुग्णांसाठी अटी घातल्या, त्यांत दिवसातून प्रत्यक्ष दोन भेटी आणि गरज पडल्यास तीस मिनिटांत मदत पोहोचणे या होत्या. आपणही हाच मापदंड ठेवायला हरकत नाही, पण तो मैलांत नव्हे, गाळप हंगामातल्या मिनिटांत मोजावा. उन्हाळ्यात पस्तीस मिनिटे लागणाऱ्या रस्त्यावर कारखाने सुरू झाल्यानंतर दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगेमागे तास लागतो. तेव्हा हॉस्पिटलला विचारा : रात्री फोन कोण उचलणार, त्या माणसाकडे आईंची फाइल असेल का, गाडी सांगलीहूनच निघणार की जवळच्या कोणाशी ठरवले आहे, आणि परत आणल्यास आई थेट वॉर्डात जातील की पुन्हा कॅज्युअल्टीत नंबर लावावा लागेल. शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर सेवा कच्ची आहे असे समजा. सही करण्यापूर्वी तो नंबर एकदा रात्री अकराला फिरवून पाहा. उत्तर देणाऱ्याच्या आवाजावरून पुष्कळ कळते. १०८ चा पर्याय आहेच, पण तो त्यांच्या गाडीच्या ऐवजी नव्हे, त्याशिवायचा.

परत कधी आणायचे हे आधीच ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावावे, कारण त्या क्षणी घरात चर्चा सुरू होते आणि 'सकाळपर्यंत बघू' असे ठरते. ठरलेल्या लिटरवर ऑक्सिजन ८८ च्या खाली राहिला, श्वास मिनिटाला २५ च्या वर गेले, वाक्य पूर्ण बोलता येईना, हाक मारल्यावर नेहमीसारखे डोळे उघडेनात, ओठ निळसर दिसले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, यांपैकी एक गोष्ट झाली की फोन आणि गाडी. घरात एकमत होण्याची वाट पाहायची नाही. पुन्हा दाखल करावे लागले तर नातेवाईक 'बघा, सांगितलं नव्हतं?' म्हणतील. म्हणू द्या. जी टीम रुग्णाला परत न्यायला कचरत नाही, तीच मला भरवशाची वाटते. कधीच कोणाला परत आणावे लागले नाही असे अभिमानाने सांगणाऱ्यांपासून जरा दूर राहावे.

आपल्या पत्रात वहिनींचा उल्लेख फक्त 'वहिनी आहेतच' एवढ्या दोन शब्दांत आहे. हॉस्पिटलमध्ये तीन पाळ्यांत विभागलेले काम घरी एका बाईवर येते, आणि ती बाई जवळजवळ नेहमी सून असते. तिला दिवसा रान, जनावरे, मुलांची शाळा चुकत नाही, आणि रात्री दर दोन-तीन तासांनी उठायचे असते. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या हातून डोस राहतो, आणि मग बोल तिलाच. परदेशातील अभ्यासांत समाधानी कुटुंबांबद्दल वाचताना मला नेहमी वाटते की त्या घरांत प्रश्न कोणाला विचारले असतील. तेव्हा होकार देण्यापूर्वी वहिनींना स्वतंत्रपणे, भाऊ समोर नसताना विचारा. रात्रपाळीला मावशी ठेवा आणि तो खर्च आपण उचला. पहिल्या तीन रात्री आपण स्वतः तिथे राहा. भेटायला येणाऱ्यांना चहा ओसरीवरच द्यावा. सर्दी-खोकल्याचा माणूस आत जाऊ नये, आणि 'मी नुसता पाय धरून येतो' म्हणणाऱ्यालाही अपवाद नसावा.

पैशांबद्दल थोडेच. विमा असेल तर पॉलिसीत 'डोमिसिलिअरी', म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांचे, कलम शोधा. त्याखाली साधारणतः सलग तीन दिवसांहून अधिक घरी उपचार आणि रुग्णाला हलवणे शक्य नाही किंवा खाट उपलब्ध नाही अशी अट असते. शिवाय दमा, ब्रॉन्कायटिस यांसारखे आजार पुष्कळ पॉलिसींत त्यातून वगळलेले असतात. आईंच्या बाबतीत त्या वाटेपेक्षा, हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यानंतरच्या खर्चाचे कलम अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे, कारण त्या आधी रीतसर दाखल झालेल्या आहेत. कंपनीला ई-मेल पाठवून उत्तर लेखी घ्या, तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका, आणि रोजच्या भेटींच्या सह्या असलेली नोंदवही जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयात दाखल असताना मिळतो. त्या योजनेतून आई दाखल असतील तर घरी नेण्याचा आर्थिक हिशेब उलटा पडेल आणि मग खाटेवरच उपचार पूर्ण करणे शहाणपणाचे.

गाव कृष्णाकाठचे असल्याने एक गोष्ट वेगळी सांगतो. आत्ता पावसाळा नसेल, पण आईंना पुढेही ऑक्सिजन लागला तर ती लागू पडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते; इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ आहे. घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासाठी धोका पातळीची वाट पाहायची नसते. पाणी चढते आहे आणि ४० फुटांकडे निघाले आहे असे कळले की त्याच दिवशी, रस्ता कोरडा असताना, रुग्णाला सांगली-मिरजेच्या उंचावरच्या भागात किंवा पाहुण्यांकडे हलवावे. बोटीत सिलिंडर चढवून आजीला बाहेर काढणे हा पर्याय धरू नये.

एबीजी समाधानकारक आली, विजेची सोय झाली आणि रात्रीच्या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर आईंना घरी न्या. घरी नेताना सकाळी निघा, म्हणजे पहिली अडचण दिवसाउजेडी येईल. साधारण आठवडाभरात इंजेक्शने संपतील, सुई निघेल, आणि डॉक्टर या घरच्या उपचारातून आईंना रीतसर डिस्चार्ज देतील. त्या दिवशी इनहेलर स्पेसरमधून (त्याला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) कसा ओढायचा हे आईंनी स्वतः करून दाखवेपर्यंत सिस्टरला जाऊ देऊ नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस कधी द्यायची तेही त्याच भेटीत लिहून घ्या. कॉन्सन्ट्रेटर मात्र भाड्यानेच आणा. आजार ताजा असताना लागणारा ऑक्सिजन पुष्कळांना दोन-तीन महिन्यांत लागेनासा होतो. साठ ते नव्वद दिवसांनी, प्रकृती स्थिर असताना पुन्हा एबीजी करून, कायमचा ऑक्सिजन लागणारच असेल तर आणि तेव्हाच यंत्र विकत घेण्याचा विचार करावा.